राघ्या-वजीर निंबापाशी काहून थांबले

मु. पो. बोरनाळा, ता. भातकुली

तीर्थरूप मामाजींच्या पायांवर धाकट्या जावयाचा, म्हणजे कुंदनचा, साष्टांग दंडवत. (हा दंडवत नेहमीपेक्षा लांबलचक समजावा. पत्र वाचून झाल्यावर मी उठावं की तसंच पडून राहावं, हे तुम्हीच ठरवा.)

वि. वि. तुमचा खुबा आता कसा आहे? वॉकर सोडून काठीवर आलात का? मामीजींच्या गुडघ्यांना निरगुडीच्या पाल्यानं उतार पडला असावा अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण वाचताना ती ओळ ओलांडून पुढे गेलात तरी चालेल. फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. दोनदा लावला. दोन्ही वेळा तुमचं "बोला जावईबापू" ऐकलं आणि मी नुसता गेंद्याच्या फुलांचा भाव सांगून फोन ठेवून दिला. कागदाला निदान चेहरा नसतो.

पहिल्यांदा तुमचा जीव भांड्यात पडावा म्हणून सांगतो, राघ्या आणि वजीर दोघेही बैल खुशाल आहेत. अंगाला ओरखडा नाही, पायाला लचक नाही, उलट दोघांच्या पाठी भरल्या आहेत. (का भरल्या, ते पुढे येईल, आणि ते वाचून तुम्हाला आनंद होणार नाही.) तुमचा खुबा मोडला तेव्हा तुम्ही खाटेवरून मला म्हणाला होता, "यंदाचा शंकरपट तुमी हाका. बैल उभे नका ठेवू, उभा बैल मनातून मरते." त्या दिवशी मला काय वाटलं ते आजवर कोणाला सांगितलं नाही. लग्नापासून मी तुमच्या गावात 'फुलवाला जावई'. पंगतीत कोणी विचारलं की तुम्ही म्हणायचे, फुलं लावते, अमरावतीच्या मंडीत नेते, चांगला आहे. 'चांगला आहे' हे तुम्ही अशा आवाजात म्हणायचे, की ऐकणाऱ्याला माझी कीव यावी. अशा जावयाच्या हाती, जिला पाहायला माणसं लांबलांबहून येतात ती जोडी तुम्ही दिली, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. ते अजूनही पूर्ण आलेलं नाही, पण वाटेत आहे.

आता आमच्याकडची पटाची शर्यत तुमच्याकडच्यासारखी राहिलेली नाही, हे आधी समजून घ्या, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळणार नाही आणि तुम्ही मला उगाच माफ कराल. पूर्वी जो आधी येईल तो जिंकला, एवढाच कायदा होता. त्यामुळे बैलांना बदाम चारणारी दोन-तीन घरं सगळी बक्षिसं नेत आणि बाकीचे घरून डबा आणून टाळ्या वाजवत. मग आमच्या जानराव मास्तरांनी (गणित शिकवायचे, निवृत्त झाले, पण गणित निवृत्त व्हायला तयार नाही) गट पाडले. अ, ब आणि क. गटातल्या प्रत्येक जोडीला तिच्या आधीच्या पळण्यावरून एक वेळ बांधून दिली. तिला म्हणायचं 'बांधी वेळ'. दोन जोड्या भिडल्या की जिची बांधी वेळ जास्त, ती जोडी आधी सोडायची. जिची कमी, तिला तेवढ्याच फरकानं मागून. दोघी आपापल्या वेळेत पळाल्या तर रेषेवर एकदमच पोचतील, आणि जी त्या दिवशी स्वतःपेक्षा चांगली पळेल ती जिंकेल. ऐकायला किती न्यायाचं आहे पाहा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पण स्वतःपेक्षा चांगलं पळणाऱ्याला मास्तर तसं सोडत नाहीत. बांध्या वेळेच्या आत आलात की पुढच्या पटासाठी तुमची वेळ कापली जाते. फारच आत आलात की जोडी थेट वरच्या गटात. उशिरा आलात तर थोडी ढीलही मिळते, पण कापताना मास्तर कात्री वापरतात आणि ढील देताना चिमूट. म्हणून झालं काय, की हुशार माणसं जिंकायची, पण केसभरानं. रेषेजवळ आलं की हळूच कासरा ओढायचा, कोणाला दिसणार नाही असा. गेल्या वर्षी तर एका पटात दोन्ही हाकणारे कासरे ओढत होते, आणि शेवटचा टप्पा असा गेला की मागे वाजंत्री असती तर वरात समजून कोणी अक्षता टाकल्या असत्या. त्यानंतर मास्तरांनी ठराव केला, कासरा ओढताना दिसला की जोडी बाद.

आपली जोडी आमच्या तालुक्याला नवी. नव्या जोडीला आधी ब गटात घालतात आणि पहिल्या तीन पटांतलं पळणं पाहून तिची वेळ बांधतात. मग फाल्गुनात आमच्या गावचा मोठा पट. मामाजी, तुम्ही राघ्या-वजीरला ओळखता. ते मनापासून पळले असते तर पहिल्याच पटात अ गटात गेले असते, आणि तिथे बदामवाल्यांशी गाठ होती. हरले असतेच असं नाही. पण जिंकलेच असते असंही नाही, आणि मला जिंकायचं होतं. ब गटाचं पहिलं बक्षीस होता एक मोठा कूलर. (होय, कूलर. ढाल नाही, मोटरसायकल नाही. माणूस सोन्यासाठी बिघडला तर निदान त्याची गोष्ट होते. मी एका कूलरसाठी बिघडलो.) त्या कूलरसमोर उभं राहून फोटो काढायचा आणि तो तुमच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावायचा, एवढं मी मनात पक्कं केलं होतं. खिळासुद्धा निवडून ठेवला होता.

म्हणून मी अय्युबकडे गेलो. अय्युब आमचा शेजारी, छकडा हाकणारा, आणि पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात कोणाचा नाही. मी आडून आडून विषय काढला, की पहिल्या तीन पटांत जरा दमानं घेतलं तर? त्यानं पान लावता लावता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कुंदनभाऊ, बैल धावून राह्यला अन् मी त्याले रोकू? मले सात गावं वळखतात. तुमाले दुसरा हाकनारा पाह्यजे असन तर पाहून घ्या." मला दुसरा हाकणारा नको होता. मला कासरा न ओढता हळू होणारे बैल हवे होते. शरमेची गोष्ट ही, की असा बैल कसा बनवायचा हे मला रात्री झोपेत सुचलं, आणि सकाळी उठल्यावरही ते चांगलंच वाटलं.

तुमच्या लेकीचा, हर्षाचा, त्या जोडीवर किती जीव आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. वासरं होती तेव्हा तिनं हातानं पाजलेली. ती दिसली की दोघांचे कान उभे राहतात. मी तिला सांगितलं, की पटाच्या वाटेवर तू ओळखीच्या जागी उभी राहिलीस की बैलांना हुरूप येतो, असं जुने लोक म्हणतात. (कोणतेही जुने लोक असं म्हणत नाहीत.) आमच्या वावराच्या धुऱ्यानं, बांधाला लागून, एक सरळ वाट आहे, पटात बैल पळतात त्या दाणीएवढी लांब. तिच्या दोन तृतीयांशावर एक कडुनिंब. तिथे हर्षाला पिवळं पातळ नेसवून उभी केली, हातात सूप, सुपात गूळ आणि सरकीची ढेप. बैल तिथवर सुसाट यायचे, तिच्यापाशी थांबायचे, खायचे, आणि मग पुढे चालत जायचे. रोज सकाळी हेच. त्यांच्या पाठी का भरल्या ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. आणि ती बिचारी रोज मला विचारायची, "आज जास्त जोरात आले नाई का?" मी म्हणायचो, आले, आले.

पटाच्या दिवशी ती दाणीच्या तेवढ्याच अंतरावर, दोराच्या बाहेर, पिवळ्या पातळात रिकामं सूप घेऊन उभी राहायची. बैल तोफेच्या गोळ्यासारखे सुटायचे, ती दिसली की मान वळवायचे, पाय आखडायचे, सुपात काही नाही हे पाहायचे, आणि अय्युबच्या आरोळीनं पुन्हा पळायचे. कासरा ढिलाच. चाबूक, टोचणी हल्ली चालतच नाहीत, त्यामुळे कोणी काही म्हणू शकत नव्हतं. अय्युब मात्र प्रत्येक पटानंतर छकड्यावरून उतरून बैलांचे डोळे तपासायचा. त्याला वाटायचं, यांना दिसतं की नाही! तिन्ही पट आपण हरलो, आणि प्रत्येक वेळी मी तोंड पाडून घरी यायचो आणि गोठ्यात जाऊन एकटाच हसायचो. हर्षा त्या तिन्ही दिवशी नीट जेवली नाही. हे मला दिसत होतं. मी ते कूलरच्या हिशोबात धरलं नाही.

तिसऱ्या पटाला मास्तरांनी दाणीच्या मध्यावर दुसरं घड्याळ बसवलं. पट संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुंदन, तुहे बैल अर्धा पट लग्नाले आल्यासारखे येतात अन् अर्धा पट मयतीले. काहून?" मी म्हणालो, मास्तर, बैल नवे आहेत, पाणी मानवलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि आपल्या जोडीला चांगली सैल वेळ बांधून दिली, कारण कागदावर त्यांना तसंच करावं लागत होतं. पण चष्मा त्यांनी जरा जास्तच वेळ पुसला.

आता ते लिहितो ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो आणि तीन पानं दुसरंच लिहीत राहिलो. मोठ्या पटाला बैल अंगात असेल तेवढे पळायला हवे होते. म्हणजे हर्षा दिसता कामा नये. तिला रेषेपलीकडे उभी केली असती, तर जागा का बदलली हे तिनं विचारलं असतं, आणि माझ्याकडे आता जुने लोक शिल्लक नव्हते. म्हणून पटाच्या सकाळी मी तिला सांगितलं, की अकोल्याहून, तुझ्या माहेरून, फोन आला होता, तुझ्या बाबांची तब्येत बिघडली आहे, तू पहिल्या एसटीनं निघ. मामाजी, मी तुमचा खुबा वापरला. तिचा चेहरा एकदम उतरला, पिशवी भरली, देवापुढे दिवा लावला आणि निघाली. जाताना मला म्हणाली, "बैलाइकडं पाहा." मी तिला स्टँडवर सोडलं आणि एसटी सुटेपर्यंत थांबलो, प्रेमानं नव्हे, खात्री करायला.

त्या सकाळी तिचा तुम्हाला फोन आला असेल. तुम्ही तेव्हा अंगणात वॉकर धरून फिरत होता आणि मामीजी तुमच्यावर ओरडत होत्या, हे मला नंतर कळलं. ती अमरावतीला उतरली आणि उलट्या एसटीत बसली.

मोठ्या पटात आपल्यासमोर फुरकानची जोडी होती. (पेरूची बाग आहे त्यांची, भला माणूस.) त्याची वेळही सैल, पण खरोखरची सैल. दोन्ही जोड्या जवळजवळ बरोबरच सुटल्या, आणि मामाजी, राघ्या-वजीर असे सुटले की लोक उभे राहिले. अर्ध्या दाणीत फुरकानची जोडी दोन छकडे मागे. मी रेषेवर उभा होतो आणि भिंतीवरचा खिळा मला दिसत होता. तेवढ्यात गर्दीतून पिवळं काहीतरी पुढे आलं. हर्षा दोराखालून वाकून कडेला उभी राहिली, हातात कोणाचं तरी सूप, आणि तिनं हाक मारली, "राघ्याऽऽ, वजीरऽऽ." तुमच्या बैलांनी जन्मात कधी भर पटात पाय रोवला नव्हता. तो त्यांनी त्या दिवशी रोवला. जागच्या जागी. अय्युब छकड्यावरून उडता उडता वाचला. दोघं तिच्यापाशी मान घालून उभे राहिले, आणि फुरकानची जोडी शेजारून आरामात निघून गेली. फुरकान स्वतः इतका गांगरला की जिंकल्यावर टोपी काढून आधी हर्षाकडे गेला, "भाभी, आपके बैल तो आगेच थे," म्हणाला.

मग मास्तरांनी माईक घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना झाला आनंद! दोन्ही घड्याळांचे आकडे वाचून दाखवले, तीन पट जोडी एकाच ठिकाणी हळू झाली हे सांगितलं, तिथे दरवेळी कोण उभं होतं तेही सांगितलं, आणि म्हणाले, "कासरा न ओढता वेळ चोरायची ही युक्ती आपल्या तालुक्यात नवीन आहे. मंडळ कुंदनभाऊचं आभारी आहे, पुढच्या वर्षी यासाठी वेगळा नियम करता येईन." लोक इतके हसले की एक म्हातारा खुर्चीसकट आडवा झाला. माझ्या नावानं नियम होणार आहे, मामाजी. जावयाचं नाव झालं पाहिजे असं तुम्ही म्हणायचे ना? जोडी तिथल्या तिथे अ गटात घातली, आणि मध्यापर्यंतच्या पळण्यावरून अशी वेळ बांधली, की ती गाठायला पंख लागतील.

हर्षा सगळं ऐकून उभी होती. तिनं जू उतरवलं, दोन्ही कासरे हातात घेतले आणि बैल चालवत घरी निघाली. मी मागून सूप घेऊन. (ते गावातल्या पार्वताबाईचं होतं. दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो तर म्हणाली, "राहू दे, तुले लागनच.") गावातून जाताना कोणी मला हाक मारली नाही. सगळ्यांनी बैलांनाच नमस्कार केला, आणि ते मला योग्य वाटलं.

त्या दिवसापासून हर्षा माझ्याशी बोलत नाही. भाकरी गरम वाढते, ठेचा ताजा असतो, सदऱ्याला बटण लावलेलं असतं, पण शब्द नाही. जे सांगायचं ते गोठ्यात जाऊन बैलांना सांगते, मी ऐकेन इतक्या आवाजात. "राघ्या, जेवाले वाढलं म्हना." "वजीर, मंडीत जातानी पिशवी घेऊन जा म्हना." राघ्या-वजीर माझ्याकडे पाहतात आणि मी उठतो. आणखी एक नवीन खोड त्यांना लागली आहे, आता सूप घेतलेली कोणतीही बाई दिसली की ते थांबतात. परवा रस्त्यावर तूर पाखडणाऱ्या पार्वताबाईची अर्धी तूर त्यांनी फस्त केली. गावातल्या पोरी मुद्दाम सूप घेऊन दारात उभ्या राहतात. तुम्ही आयुष्यभर ज्यांना फक्त पळायला शिकवलं, त्यांना मी थांबायला शिकवलं. हे मला मोडता येत नाही. मी प्रयत्न केला, सूप घेऊन मीच उभा राहिलो आणि काही दिलं नाही, पण माझ्यासाठी ते थांबतच नाहीत. मला वळसा घालून जातात.

मला लाज वाटते, मामाजी. हसवायचा प्रयत्न मी पहिल्या ओळीपासून करतो आहे तो त्यामुळेच. हरल्याची नाही, लोक हसल्याचीही नाही. तीन पट ती उपाशी राहिली ते मला दिसत होतं, आणि चौथ्याला मी तिला तिच्या बापाच्या काळजीत एसटीत बसवलं, याची. बैल परत न्यायचे असतील तर निरोप पाठवा, मी स्वतः पायी आणून सोडीन.

मामीजींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद, माझ्यासारखे न होण्याचा.

तुमचा (अजून म्हणू देत असाल तर) जावई,
कुंदन

ता. क. गेंद्याचा भाव सध्या बरा आहे. फोनवर सांगितला होता तो खोटा नव्हता.

दुसरा ता. क. खरं काम राहिलंच. मला माफी नको. विनंती एवढीच, की हे पत्र मिळाल्यावर एक फोन करा आणि मला मनसोक्त शिव्या द्या. तुमच्या पटावरच्या ठेवणीतल्या, अय्युब ज्यांची अजून आठवण काढतो त्या. मी फोन स्पीकरवर ठेवीन आणि गोठ्याच्या दारात उभा राहीन. बापाच्या तोंडून नवऱ्याचा असा उद्धार ऐकून तिला माझी थोडी कीव आली, किंवा "बाबा, पुरे" एवढं जरी ती म्हणाली, तरी घरात एक शब्द होईल. हे शांत घर मला सहन होत नाही.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायला गोंद शोधत होतो तेवढ्यात हर्षानं पत्र उचललं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं, कंससुद्धा. वाचून माझ्याकडे पाहिलं. बैलांकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, "एक गोष्ट खोटी लिव्हली तुमी. बैल नाई थांबले तठी. मी थांबवले. मले पयल्या पटापासूनच माहीत होतं, माह्या बैलाइची मान मले नाई समजनार? तुमी सांगसान म्हणून वाट पाहून राह्यली होती. बाबाच्या जिवाचं खोटं बोलले, तवा वाट पाहनं सोडलं." मग खाली बसली, आणि लग्न ठरल्यापासूनचं एकेक काढायला लागली. अजून आमच्या साखरपुड्यापर्यंतच आली आहे. तेव्हा मामाजी, वरची विनंती रद्द समजावी. फोन करू नका. ती बोलते आहे, आणि मला मध्येच उठायचं नाही.